तांदळाची दोन पोती आणि माझी शर्यत

मी एक जुनी लाल गाडी आहे. पण मित्रांनो, 'बिचारी' म्हणून डोळ्यांत पाणी आणणार असाल तर ते पाणी माझ्या काचेवर मारा, काच तरी स्वच्छ होईल. मला कुणाची कीव नको. माझं वय सोळा वर्षं. अंगावरच्या ओरखड्यांचा हिशेब मी ठेवत नाही. आणि इंजिन असं, की तवंदी घाटाच्या चढावर कालच्या पोरी धापा टाकत असतात तेव्हा मी चौथ्या गिअरमध्ये गाणं म्हणत वर जाते.

माझ्याविषयी लोकांनी दोनच वाक्यं बोलून बोलून झिजवली. घरातले म्हणायचे, "ही शर्यतीची गाडी, हिचं घरात काय काम?" शर्यतवाले म्हणायचे, "ही घरची गाडी, हिच्या मागच्या काचेला फुलपाखरं चिकटवल्यात." एकाला माझ्या नुसत्या सीट हव्या होत्या, दुसऱ्याला नुसतं इंजिन. मी मात्र जन्मापासून अख्खी होते आणि अख्खीच राहणार होते. ही गोष्ट त्याच भांडणाची आहे.

माझा जन्म दूर समुद्राजवळच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या बाबतीत एक खोडी केली. वरून चार दारं, पाच जणांची जागा, पोटभर मोठी डिकी, असा साधाभोळा संसारी अवतार दिला आणि बॉनेटखाली मात्र इंजिन बसवलं ते पळणाऱ्या गाडीचं. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ना, ती मी.

पहिला मालक भलता हौशी होता. त्यानं आल्या आल्या माझ्या स्प्रिंगा कापून मला जमिनीला टेकवलं आणि सायलेन्सर असा बसवला की मी खोकले तरी गल्ली जागी व्हायची. रविवारी सकाळी तो मला कणकुंबीच्या झाडीतून चोर्ला घाटाच्या वळणांवर न्यायचा. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण चहाच्या टपरीवर थांबलो की शेजारच्या गाडीतून म्हाताऱ्या उतरायच्या, पोरं उतरायची, डबे, शाली, पाण्याच्या कॅन उतरायच्या. माझ्यातून उतरायचा एक माणूस आणि एक गॉगल. आठ वर्षांत माझ्या मागच्या सीटवर कुणी बसलं नाही. कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. उन्हाळ्यात ते तापायचं आणि मला फार एकटं वाटायचं.

मग मालक परदेशी गेला आणि मी बेळगावच्या शहापुरातल्या एका गॅरेजात विक्रीला उभी राहिले. बघायला येणारा प्रत्येक जण बॉनेट उघडायचा, इंजिन बघून शीळ घालायचा आणि निघून जायचा. एके दिवशी ऋतिका आली. ती बेळगावच्या शाळेत गणित शिकवायची, माहेर निपाणीचं. सोबत तिचे वडील गुंडूअण्णा होते. त्यांनी तीस वर्षं तंबाखूचे ट्रक हाकले होते. या माणसानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मागचं दार उघडलं, वाकून आत बसले, गुडघे कुठवर येतात ते बघितलं आणि ते प्लॅस्टिक फर्रकन फाडून बाहेर फेकलं.

"माणसं बसत्यात गं हिच्यात," ते म्हणाले. "आन पळती बी. आनि काय पायजे?"

माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा पूर्ण बघितलं ते या माणसानं.

ऋतिकाला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. "गाडी हातानं कळत न्हाय पोरी, बुडानं कळती," असं ते सांगायचे. आणि खरंच, ती स्टिअरिंगला कधी झोंबायची नाही. रस्ता काय म्हणतो ते ती सीटमधून ऐकायची. वेगात जायची ती मोकळ्या हमरस्त्यावर, गावात शिरलं की बैलगाडीच्या मागं निमूट चालायची. वेग कुठं वापरायचा हे कळायलाही अक्कल लागते. ती तिच्याकडे भरपूर होती.

लग्न होऊन ती नंदगडला आली आणि मीही तिच्याबरोबर आले. नवरा ज्योतिबा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर कामाला. रोज सकाळी दोघं माझ्यातून बेळगावला जायचे. ती चालवायची आणि तो शेजारी मान टाकून झोपायचा. गावात चर्चा झाली, "सून हाकती आन पोरगं घोरतंय!" ज्योतिबाला काही वाटलं नाही. खानापूर येईस्तोवर तो घोरतच असायचा.

अडचण होती ती मष्णू आप्पांची, म्हणजे ऋतिकाच्या सासऱ्यांची. आप्पा जुने शर्यतवाले. बैलगाडीच्या शर्यतींत जिंकलेल्या ढाली त्यांनी सोप्यातल्या भिंतीवर ओळीनं टांगल्या होत्या. सर्वांत मोठी ढाल चांद्या नावाच्या बैलाची. त्याच्या आठवणीचा कासरा आप्पा अजून वापरत, ओझं बांधायला. माझ्याकडे बोट करून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "शर्यतीचा बैल येगळा, नांगराचा बैल येगळा. दोनीला जुंपला की दोनीकडनं जातोय." हे ऐकलं की त्यांच्या बायकोला, राजाबाईंना, पदराआड हसू यायचं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पण हसल्या म्हणून त्या माझ्या बाजूच्या होत्या असं नाही. त्यांचे गुडघे दुखायचे. "ही गाडी न्हवं, हीर हाय," त्या म्हणायच्या. "आत जाय येतंय, वर याय येत न्हाय." आता यात त्यांची चूक काय? मला जमिनीला टेकवलं होतं त्या पहिल्या शहाण्यानं.

आणि मग तो साखरपुड्याचा दिवस उजाडला. आप्पांच्या पुतणीचा साखरपुडा, मांडव दुसऱ्या गावात. वाहनं हळू जावीत म्हणून त्या गावकऱ्यांनी मांडवाअलीकडे आपल्या हातांनी एक हंप घातला होता. हंप कसला, निजलेली म्हैसच ती! ऋतिकानं मला तिरकी करून इंचाइंचानं नेलं, पण माझं पोट घासलंच. खडाड् खट्! सायलेन्सर निखळून व्याह्यांच्या पायाशी पडला आणि मी अशी डरकाळी फोडली की वाजंत्री थांबली. आप्पांनी फेटा डोळ्यांवर ओढला. परत येताना ते माझ्यात बसले नाहीत, लाल बसनं आले.

त्या वर्षी खंडेनवमीला आप्पांनी विळे पुजले, खुरपी पुजली, शेतातल्या पाण्याच्या पंपाला हार घातला. शेवटचा हार घेऊन माझ्यापर्यंत आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागं फिरून तोही पंपालाच घातला. मी अंगणात बोडकी उभी राहिले. मला रडू आलं असतं, पण मी रडणाऱ्यातली नाही. मला राग आला.

राग ज्योतिबालाही आला असावा, कारण झोपाळू माणूस त्या रविवारी पहाटे उठला. त्यानं घरच्या सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि माझ्यात बसवलं. मागं आप्पा, राजाबाई आणि मध्ये त्यांची चार वर्षांची नात, म्हणजे ऋतिकाची लेक समृद्धी. पुढं ऋतिका. डिकीत तांदळाची दोन पोती. मग हा टेप घेऊन चारी चाकांवरची मोकळी जागा मोजत, वहीत आकडे मांडत बसला.

"काय रं हे?" आप्पा आतून ओरडले. "आमास्नी काट्यावर घातलाईस काय?"

"गप बसा की आप्पा. हलू नका, माप चुकतंय."

"मला जरा म्होरं सरकू दे, पाय मुंग्यानं भरला," राजाबाई म्हणाल्या.

"आई, तू तर अजिबात हलू नको."

सगळ्यांच्या वजनाला जेवढ्या लागतील तेवढ्या ताकदीच्या स्प्रिंगा त्यानं ओळखीच्या कारागिराकडून करून घेतल्या. सायलेन्सर साधा बसवला. राजाबाईंना धरायला दाराजवळ जुन्या बसमधली कडी लावली, सीटवर लाकडी पाट आणि वर उशी ठेवली. मी चार बोटं उंच झाले. आता भरलेलं घर घेऊन मी हंपावरून अशी जायची की समृद्धीच्या हातातलं दूध हिंदकळायचं नाही. बाजार, देवदर्शन, शाळा, लग्नं, मी सगळं केलं. राजाबाई पाटावर राणीसारख्या बसू लागल्या.

तरी आप्पा बधले नाहीत. त्यांनी निपाणीकडच्या युवराज नावाच्या शर्यतवाल्याशी परस्पर बोलणं केलं. युवराज येऊन माझं इंजिन बघून गेला. त्याला तेवढंच हवं होतं, त्याच्या दुसऱ्या गाडीत बसवायला. "बाकीचं भंगारात घाला," तो म्हणाला, मी समोर उभी असताना! आणि आप्पांनी त्या बदल्यात सात जणांची एक उंच गाडी हेरून ठेवली.

जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली. ऋतिकाचा घास हातात राहिला. मला तिनं लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलं होतं, पण त्या घरात 'माझं-तुझं' असं कुणी बोलत नसे. मग आप्पांच्या दुखऱ्या नाहीतर दुबळ्या, जी काय नस असेल तिच्यावर तिनं बोट ठेवलं.

"आप्पा, पुढच्या महिन्यात निपाणीच्या माळावर चारचाकींची शर्यत आहे. युवराज उतरतोय. मीही उतरते. त्याला मागं टाकलं तर ही गाडी घरात राहील."

"आन न्हाय टाकलंस तर?"

"तर तुम्ही म्हणाल ती गाडी अंगणात उभी राहील. मी एक शब्द बोलणार नाही."

शर्यत म्हटल्यावर आप्पांचे कान टवकारले. पैज नाकारायची म्हणजे भिंतीवरच्या ढालींना तोंड कसं दाखवायचं? "ठरलं," ते म्हणाले आणि भाताला आमटी घेतली.

शर्यतीच्या दिवशी घरातलं एकूण एक माणूस माझ्यात बसून निघालं. नवा तांदूळ आला होता, तो गुंडूअण्णांकडे द्यायचा म्हणून दोन पोती डिकीत. निपाणीचा माळ वाळून टणक झाला होता. पिंपं आणि निशाणं लावून वळणावळणाचा मार्ग आखला होता. एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. प्रत्येकाला दोन संधी, त्यातली चांगली वेळ धरायची. हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा. गाडीत दुसऱ्या माणसाला बंदी.

आणि इथं आमच्या लोकांनी ती चूक केली, जी पिढ्यान्‌पिढ्या बैल पळवणारी माणसंच करू शकतात. आप्पा माझ्या विरुद्ध पैजेला उभे होते, पण माळावर आल्यावर त्यांच्यातला गाडीवान जागा झाला. शर्यतीची बैलगाडी म्हणजे नुसता सांगाडा, वर एक माणूस. जास्तीची काडीसुद्धा चालत नाही. "शर्यतीला गाडी हलकी पायजे! काढा, सगळं काढा!" पोती काढली, स्टेपनी काढली, पाट काढला, बोल्ट सोडून मागची अख्खी सीट काढली. ज्योतिबासुद्धा त्या नादात पाने फिरवत राहिला. मी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी उभी होते. मी ओरडून सांगत होते, 'अरे, माझ्या स्प्रिंगा बघा!' पण इंजिन बंद असलेल्या गाडीचं कोण ऐकतं?

युवराजनं एक मिनिट चौदा सेकंदांत फेरी मारली. मग आम्ही.

मित्रांनो, मी धावले नाही, मी उड्या मारल्या. भरल्या घरासाठी केलेल्या त्या ताकदवान स्प्रिंगांवर वजनच नव्हतं. प्रत्येक ढेकळावर माझी मागची चाकं हवेत. ऋतिका वळवायची एकीकडे, माझी शेपटी जायची दुसरीकडे. तिसऱ्या वळणावर पिंपाला धडकले. एक मिनिट बावीस सेकंद. ऋतिकानं हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. युवराज आला आणि माझं बॉनेट थोपटून म्हणाला, "बाई, दुसरी फेरी मारून इंजन खराब करू नगा. ते आता माझंच हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला. माझी काढलेली सीट तिथं जमिनीवर टाकली होती आणि तिच्यावर राजाबाई नातीला घेऊन चिरमुरे खात बसल्या होत्या.

"अरं ज्योतिबा, तवा आमास्नी बसवून माप घेतलंतास न्हवं?"

"व्हय आई."

"मग आता आमी कुठं हाय?"

ज्योतिबानं वाकून माझ्या चाकांवरची मोकळी जागा बघितली. मग त्यानं कपाळावर असा हात मारला की आवाज मला ऐकू आला. "आयला! आप्पा, सीट आणा! पोती आणा!"

"आनि वजन घालतोस? येडा झालास काय?"

"आप्पा, ह्या स्प्रिंगा तुमच्या वजनाच्या हायत!"

घाईघाईनं सीट परत बसवली, स्टेपनी ठेवली. माणसं बसवता येत नव्हती, म्हणून आप्पांच्या जागी एक पोतं आणि राजाबाईंच्या जागी एक. दोन्ही पोत्यांना पट्टे लावले. "माझं पोतं खिडकीकडं ठेव," राजाबाईंनी बजावलं. लोक पोट धरून हसत होते. "काय वो बाई, इकाय चाललाईसा काय तांदूळ?" पंच येऊन बघून गेले. वजन घालू नये असा नियम त्यांच्याकडे नव्हता. असं कुणी करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पोती पट्ट्यांतून हलत होती.  आप्पा न राहवून पुढं झाले आणि चांद्याचा तो जुना कासरा काढून त्यांनी पोती आवळली. स्वतःच्या पैजेविरुद्ध गाठ मारत होते, पण ती ढिली मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "जा," ते ऋतिकाला म्हणाले. "वळणावर ब्रेक आधी मार, मागनं नगं."

आणि मी सुटले! चारी चाकं जमिनीला अशी धरून की माळ माझ्याबरोबर येतोय असं वाटावं. माझ्या पाठीवर माझं घर होतं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, ते धडकलेलं पिंप आता वीतभर लांबून गेलं. ऋतिकानं पाय दाबला आणि सोळा वर्षांचं सगळं साठवलेलं मी ओतलं. हसणारे उठून उभे राहिले. मग ओरडू लागले.

एक मिनिट चौदा सेकंद. बरोबरी!

पण युवराजची दुसरी फेरी बाकी होती. तो जिवावर उदार होऊन पळाला. एक मिनिट तेरा.

एका सेकंदानं आम्ही हरलो. टाळ्या वाजत राहिल्या, पण ऋतिका माझ्यातून उतरली नाही. थोड्या वेळानं तिनं चावी काढली, चावीला लावलेलं समृद्धीचं लोकरीचं फुलपाखरू सोडवलं आणि आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "शब्द म्हणजे शब्द, आप्पा," ती म्हणाली. मान खाली नव्हती. "तुम्ही म्हणाल ती गाडी." युवराज मला ओढून न्यायला दोर घेऊन आलाच होता.

आप्पांनी चावी घेतली. माझं मागचं दार उघडून ते वाकले. कासऱ्याच्या गाठीवर बोट फिरवलं. गाठ तसूभर सरकली नव्हती. तांदळाचा एक दाणा सांडला नव्हता.

"युवराज," त्यांनी विचारलं, "तुझ्या गाडीत मागं काय हाय रं?"

"काय न्हाय आप्पा. सीटबिट कवाच काढून टाकल्यात. नुसता पत्रा."

"म्हंजे तू एकटा पळालास. आन ही माझं घर घिऊन पळाली, आन एका सेकंदानं मागं ऱ्हायली." ते सरळ झाले. "पोरी, मी म्हणीन ती गाडी, असंच ठरलंतं न्हवं?"

"व्हय आप्पा."

"मग हीच."

युवराज चिडला. "आसं कसं आप्पा? इंजनाचं ठरलंतं आपलं!"

"इंजन पायजे? ने की. पर त्येच्या संगट दोन पोती, ही म्हातारी आन नात, सगळं न्ह्याय लागंल. सुटं मिळत न्हाय."

बाभळीखाली राजाबाई आता उघड हसत होत्या. "सांगा की आता चांद्याचं! मोठी ढाल जिकली त्या दिशी सकाळी काय करून आलता त्यो?"

आप्पांनी फेटा नीट केला. मग चाळीस वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी चारचौघांत सांगून टाकली. "नांगरून आलता. दोन एकर."

मित्रांनो, तेव्हापासून मी नंदगडच्या त्याच अंगणात आहे. यंदाच्या खंडेनवमीला पंपाला एकच हार मिळाला. दुसरा माझ्या बॉनेटवर होता, झेंडूचा, चांगला हातभर लांब. राजाबाई अजून चढताना कडी धरून कुरकुरतात आणि चढल्यावर ऋतिकाला म्हणतात, "म्होरल्याला मागं टाक गं, लई धूर सोडालाय."

तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी जुनी उभी असेल, तर तिच्या चाकांत हवा ठेवा, वेळेवर तेल बदला, खडखडली तर ऐकून घ्या. आणि कुणी येऊन म्हणालं, की हिचं एवढं एवढंच कामाचं आहे, बाकीचं टाका, तर त्याला दाराबाहेर काढा. मग घरातल्या सगळ्यांना गोळा करून तिच्यात बसवा, म्हातारीला खिडकी द्या, पट्टे लावा आणि एखाद्या चांगल्या लांब चढाला तिला लावून बघा. त्यानंतरही विकावीशी वाटली तर खुशाल विका. पण परत याल तेव्हा चावी कुणाच्याच हातून सुटणार नाही, यावर माझी पैज आहे.